पाकिटावरचा आकडा

"थांब गो बाय. वळख होवंदे तेंची."

एवढं म्हणून ते आपला पंजा मशीनच्या बटणावर ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसतं झाकायचे. निजलेल्या मुलाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून आपण हात आडवा धरतो ना, तसा. समोरचा पडदा काळा. आत पंखे फिरत असायचे, बोर्डावरचा एक पिवळा दिवा लुकलुकायचा, आणि जिच्या अंगात सबुरी नावालाही नाही अशी मी त्या पंज्याकडे रागाने बघत बसायची.

तुमच्यापैकी ज्यांनी कॉम्प्युटर उघडून पाहिला असेल त्यांना रॅमच्या पट्ट्या ठाऊक असतील. वीतभरही लांब नसतात. नवी पट्टी आतल्या मुख्य बोर्डावर पहिल्यांदा बसवली की मशीन काही मिनिटं गप्प होतं. पट्टी आणि बोर्ड यांत कोणी किती वेगाने बोलायचं, कोणाला किती झेपेल, हे ते आतल्या आत जुळवून बघतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मेलं. तो घाबरून बटण दाबतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. परळच्या त्या जिन्याखालच्या गाळ्यात हा घोळ रोज व्हायचा, म्हणून तो पंजा.

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मीही.

गाळा कसला, चाळीच्या जिन्याच्या पोटातली तिरपी जागा. पुढे उभं राहता यायचं, मागे गेलं की डोकं आपटायचं. तिथे दुपारचं ऊन थेट कधी येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून यायचं, पातळ, पाण्यासारखं हलणारं. उघड्या मशीनांचे पंखे एका सुरात घुमायचे, कुणाच्या तरी घरून सोलकढीचा वास यायचा, आणि डोक्यावरच्या पायऱ्यांवरून माणसं चढत-उतरत राहायची. तिथे बसलं की मला नेहमी पेंग यायची. आजही ती जागा आठवते ती अशी अर्धवट झोपेतच आठवते, आणि काय आधी घडलं, काय नंतर, याचा मला पुष्कळदा नीट मेळ लागत नाही.

भाऊ पायांवरून माणूस ओळखायचे. मान वर न करता म्हणायचे, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. आज गुडघा दुखताहा." आणि खरंच काकू कठड्याला धरून उतरताना दिसायच्या.

माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंकांची पानं. माझं मशीन वर्षातून एकदा तरी ऐन घाईत रुसायचं आणि मी ते टॅक्सीत घालून दादरहून परळला आणायची. दारातूनच ओरडायची, "भाऊ, डिस्प्ले येत नाही!" ते शांतपणे पट्टी काढायचे आणि तिचे पिवळे दात शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने घासायला लागायचे. सुगंधी खोडरबर, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. मग फुंकर. मग पट्टी परत जागेवर, आणि पंजा बटणावर.

"किती वेळ, भाऊ?"

"जा, पाणी पिवन ये."

गाळ्याबाहेर एक माठ होता, त्यावर साखळीने बांधलेला पेला. तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ते पाणी प्यायलेलं आहे. तहान असो वा नसो. माझी खात्री आहे की भाऊंनी तो माठ समाजसेवेसाठी ठेवलेला नव्हता, लोकांना बटणापासून लांब ठेवायला ठेवला होता.

स्वस्तातले बोर्ड ही त्यांची खास माया. आमच्यासारख्यांना परवडतात ते तेच. वेगाची हौस असलेली कॉलेजची मुलं यायची, हातात चकचकीत पाकीट. त्यावर मोठ्ठा आकडा छापलेला, पट्टी किती वेगाने पळेल त्याचा. "अंकल, इतक्यावर सेट करून द्या ना." भाऊ आकडा बघायचे, बोर्ड बघायचे आणि पाकीट बाजूला ठेवायचे.

"पाकिटार काय पण लिवतत. ह्या बोर्डाचो जीव इतकोच आसा."

"थोडं पुश केलं तर?"

"केलंस तर आज चालतला. परवा तुझा प्रोजेक्ट खातला."

मग ते दिवसभर तपासणी लावून ठेवायचे. पट्टीच्या कानाकोपऱ्यात काहीतरी लिहायचं आणि तेच परत वाचून घ्यायचं, असा तो प्रकार. चुकलं की पडद्यावर लाल ओळ येते. लाल ओळ दिसली की भाऊ वेग एक पायरी खाली आणायचे, पुन्हा तपासणी. एकही लाल ओळ येणार नाही अशा पायरीवर मशीन थांबलं की म्हणायचे, "आता सुखी झाला." मुलं हिरमुसून जायची. पण तीच मुलं पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन यायची. कुणालाही खोटं सांगून खूश करणं या माणसाला जमत नसे, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचं मला इतकं नवल वाटलं.

भाऊंचं लग्न उशिरा झालं. पार केस पिकल्यावर. बायको गिरगावातली, विधवा, शाळेच्या कचेरीत काम करणारी. शाळेचा बंद पडलेला कॉम्प्युटर दाखवायला म्हणून आली, आणि वळख होवंदे म्हणत भाऊंनी तिला बरेच खेटे घालायला लावले असणार. मी एकदा तसं चिडवलंही होतं. भाऊ लाजून खोडरबराने टेबल घासायला लागले होते.

वहिनींबरोबर त्यांची मुलगी आली, शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतली. बोलणं अगदी स्वच्छ, गिरगावातलं, शब्दन् शब्द निवडून घेतल्यासारखं. शाळा सुटली की गाळ्यात येऊन बसायची. भाऊ तिला एक मशीन लावून द्यायचे, ती त्यावर तासन् तास चित्रं काढायची. आणि त्या मशीनच्या पत्र्यावर फुलपाखरांचे स्टिकर चिकटवायची. आतले बोर्ड बदलत गेले, पण तो फुलपाखरांचा पत्रा भाऊंनी कधी बदलला नाही. तेच त्यांचं काउंटरवरचं मशीन.

ही मुलगी भाऊंना काहीच म्हणत नसे. बाबा नाही, काका नाही, आमच्यासारखं भाऊसुद्धा नाही. बोलायची, नाही असं नाही. "जेवण झाकून ठेवलंय." "आई विचारत्येय, किल्ली कुठे आहे." आदराने, सगळं नीट. पण तिच्या बोलण्यात हाक नव्हती. समोरच्याने आपणच ओळखायचं, हे आपल्याला आहे म्हणून. वहिनींनी सुरुवातीला तिला समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं. भाऊ मध्ये पडले. "ऱ्हवांदे. येतला तेव्हा येतला."

ते आलं नाही. मुलगी कॉलेजात गेली, वहिनी आजारी पडल्या, आणि एका आजारपणातून उठल्याच नाहीत. गिरगावातले मामा मुलीला न्यायला आले होते. ती गेली नाही. का गेली नाही, हे चाळीत कुणालाच कळलं नाही, आणि भाऊंनी विचारलं नाही. मग वरच्या एका खोलीत ही दोघंच राहायला लागली. ती सकाळी जिना उतरायची तेव्हा शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबायची. खाली भाऊंचा पेचकस थांबायचा. मग ती तशीच पुढे जायची आणि पेचकस पुन्हा फिरायला लागायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटायचा.

शिक्षण संपवून ती लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. जाहिरातींसाठी हलती चित्रं करायची. पहिला पगार झाला त्या आठवड्यात मी गाळ्यात होते. दिवाळी अंकाची पानं डोक्यावर होती आणि माझं मशीन भाऊंच्या टेबलावर पोट उघडून पडलेलं.

वर पावलं वाजली. शेवटच्या पायरीशी थांबली. पेचकस थांबला. आणि ती आत आली.

"हे," ती म्हणाली आणि काउंटरवर एक पाकीट ठेवलं. "इथल्या मशीनला. ते फार हळू चालतं."

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. बाजारातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्या, पाकिटावर हा एवढा आकडा, वर पट्ट्यांच्या कडेला रंगीत दिवे. भाऊंनी पाकीट हातात घेतलं. उलट करून पाहिलं, सुलट करून पाहिलं. त्यांच्या काउंटरच्या मशीनमध्ये जो बोर्ड होता तो स्वस्तातला स्वस्त होता, कारण बरं असेल ते दुसऱ्याच्या मशीनला घालायची त्यांना खोड. त्या बोर्डाला हा आकडा झेपणं शक्य नव्हतं. मलासुद्धा ते कळत होतं.

मी वाट बघत होते, आता म्हणतील, पाकिटार काय पण लिवतत.

"मस्त आसत," भाऊ म्हणाले. "लावतंय."

"ह्या आकड्यावर चालेल ना?"

"चालतला तर!"

ती जरा हसली. गाळ्यात ती हसलेली मी तिच्या लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिली. मग ती कामाला गेली.

पुढचे दिवस भाऊंचं काही खरं नव्हतं. पट्ट्या बसवल्या, वेग पाकिटावरच्या आकड्यावर नेला. पडदा काळा. पंजा बटणावर. मशीन आपणच बंद व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचं, तीनदा धडपडायचं आणि शेवटी हार मानून जुन्या हळू वेगावर उठायचं. कधी उठायचंही नाही. मग बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढायचा, म्हणजे केलेलं सगळं पुसलं जातं, तो परत घालायचा आणि नव्याने सुरुवात. भाऊंनी वीज जरा वाढवून पाहिली. टेबलफॅन उघड्या मशीनच्या तोंडाशी लावला. आम्ही गिऱ्हाइकं घामाने निथळत होतो आणि पंखा रॅमला! कसंबसं उठलं तर तपासणीत लाल ओळी. ओळीवर ओळ. भाऊ त्या बघत बसायचे.

पट्ट्यांचे दिवे मात्र पहिल्या दिवसापासून लागत होते. त्यांना वेगाशी देणंघेणं नव्हतं. निळे व्हायचे, हिरवे व्हायचे, जांभळे व्हायचे. जिन्याखालच्या त्या अंधुक जागेत ते रंग भिंतीवरून, माठाच्या गळ्यावरून, भाऊंच्या पिकल्या केसांवरून सावकाश सरकत जायचे. कधी वाटायचं, आपण सगळे पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कुणीतरी जिना चढत आहे. इतकं सुंदर दिसायचं ते, आणि माणूस मात्र आत तळमळत होता.

"भाऊ, सरळ बोर्ड बदला," मी म्हटलं. "चांगला बोर्ड घाला, पळतील पट्ट्या."

"मगे तिका कळात ना, चूक झाली म्हणान."

"कळू दे की! दुकानात जायच्या आधी तुम्हाला विचारायचं होतं तिने. घरात वैद्य असताना बाहेर कशाला जायचं?"

भाऊंनी पेचकस खाली ठेवला. दिवे हिरव्याचे निळे झाले.

"इचारतली कशी?" ते म्हणाले. "काय म्हणान हाक मारतली?"

सगळी चूक एवढ्याशा गोष्टीत होती. बोर्ड कुठला आहे हे विचारायला तिला आधी त्यांना हाक मारावी लागली असती, आणि हाक तिच्याजवळ नव्हती. म्हणून ती मुकाट्याने बाजारात गेली आणि सगळ्यात मोठा आकडा घेऊन आली. आणि आता हा माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात कुठल्या बोर्डाला त्याच्या जिवापलीकडे ताणलं नाही, तो एका गरीब बोर्डाचा जीव काढत होता. पट्ट्या चालल्या नाहीत तर तिला वाटेल, आपण दिलेलं यांनी घेतलंच नाही. एवढी एकच भीती.

तो दिवस मी सोसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून परत येताना मी तिला चाळीच्या तोंडाशीच गाठलं. त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

"ऐक," मी म्हटलं. "त्या बोर्डाला तुझ्या पट्ट्यांचा वेग झेपत नाही. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय. खाणंपिणं सोडून मागे लागलेत त्याच्या. आणि माझी पानं राहिलीत, ते वेगळंच."

ती वळली आणि थेट गाळ्यात गेली. मी मागोमाग. का जाऊ नये?

भाऊ टेबलफॅनसमोर बसले होते. ती आली हे त्यांना कळलं नाही. पावलांवरून सगळ्या चाळीला ओळखणारा माणूस, पण जिन्यावरून न येता ती रस्त्यावरून आली होती.

तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि बसली.

"याला किती झेपतं?"

भाऊ दचकले. लाल ओळींसमोर हात आडवा धरायला गेले, लहान मुलासारखे.

"जाता... जवळजवळ जाताच. जरा..."

"पाकिटावर काहीही लिहितात," ती म्हणाली. तिच्या त्या गिरगावातल्या मराठीत, शब्द निवडून. "याला जेवढं झेपतं तेवढंच ठेवा ना."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघून सेल काढला, परत बसवला. वेग पाकिटावरच्या आकड्याच्या पुष्कळ खाली ठेवला, जिथे कुठलंही शहाणं माणूस ठेवील तिथे. मशीन सुरू केलं. पडदा काळा झाला.

त्यांचा पंजा सवयीने बटणाकडे निघाला. तिचा हात आधीच तिथे होता. भाऊंचा हात हवेत अडकला, कुठे ठेवावा त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली, आणि दिवे आपले निळ्याचे जांभळे होत राहिले. कितीतरी वेळ गेला. की गेला नाही, मला ठाऊक नाही. मी उभ्याउभ्याच पेंगले असेन.

डिस्प्ले आला. तपासणी लागली. दुसऱ्या दिवशी भाऊ मला म्हणाले, "एक पण लाल नाय गो." माझं मशीनही त्याच दिवशी मिळालं. पानं वेळेत गेली.

हाक मात्र तेव्हाही आली नाही, हे सांगायला हवं. तुम्हाला वाटलं असेल आली. मलाही वाटलं होतं. पण त्यानंतर ती जिना उतरताना गाळ्यात डोकावू लागली. "येते." एवढंच म्हणायची. आणि भाऊ ते ऐकायला सकाळी लवकर शटर वर करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ते गावी गेले, घराची कौलं परतायला. तिथे एका दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले आणि झोपेतच गेले. मला दोन दिवसांनी कळलं. मी रडले कमी आणि चिडले जास्त. इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबायला काय झालं होतं? मेलेल्या माणसावर चिडण्यात अर्थ नसतो, पण ज्याच्यावर हक्काने चिडावं अशी माणसं तरी किती असतात आपल्याला?

शटर बरेच महिने बंद होतं. माझं मशीन मी दुसरीकडे नेलं. तिथे झटपट काम झालं, पाणी कुणी विचारलं नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मग चाळीतल्या काकूंचा फोन आला, शनिवारी दुपारी गाळा उघडा असतो म्हणून. गेले. माठ भरलेला होता, पेला साखळीला. आत फुलपाखरांच्या मशीनमधले दिवे भिंतीवर हिरवे पसरले होते आणि काउंटरमागे ती बसली होती. समोर एक गृहस्थ घाम पुसत उभे होते. त्यांच्या मशीनची पट्टी तिच्या हातात होती आणि गाळ्यात स्ट्रॉबेरीचा वास होता. तिने मला मानेने बसा म्हटलं. मी बसले. डोक्यावरून कुणीतरी जिना चढून गेलं.

पट्टी बसवून तिने मशीन सुरू केलं. पडदा काळा. गृहस्थांनी थोडा वेळ दम धरला, मग बोट पुढे केलं. तिचा पंजा बटणावर गेला.

"थांबा," ती म्हणाली. "वळख होवंदे तेंची."

"कोणाची?"

"बाबा तसंच म्हणायचे," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "बाहेर माठ आहे. पाणी पिऊन या."

गृहस्थ हलले नाहीत. मीच उठले, बाहेर गेले आणि साखळीचा तो पेला भरून पाणी प्यायले. तहान मुळीच नव्हती.